ऑनलाइन विक्रीत पुन्हा पुन्हा उघडणारे डिस्प्यूट: तपासायला कुठून लागायचं, थांबायचं कुठे

मी जुन्या कॅमेरा लेन्स उघडते, बुरशी काढते, ग्रीस बदलते आणि ऑनलाइन विकते. डिस्प्यूट, म्हणजे खरेदीदाराने नोंदवलेली अधिकृत तक्रार, उघडल्याचा मेल आला की पूर्वी पोटात गोळा यायचा. तो आजही येतो, फक्त आता हात आधी उत्तराच्या चौकटीकडे न जाता त्या ऑर्डरच्या फोल्डरकडे जातो. खाली जो क्रम दिलाय तो अशीच प्रकरणं निस्तरता निस्तरता बसलाय: फुकटातल्या तपासण्या आधी, महागड्या शेवटी. तुमचा माल लेन्सऐवजी पुस्तकं, कपडे किंवा सुटे भाग असला तरी क्रम बदलत नाही.

लक्षणं

– एकाच वस्तूवर किंवा एकाच प्रकारच्या मालावर 'वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार परत परत येते.
– ट्रॅकिंग 'डिलिव्हर्ड' म्हणतं आणि खरेदीदार म्हणतो हातात काही पडलं नाही.
– रिटर्न आलं, पण खोक्यात तुमची वस्तू नाही. किंवा वस्तू तुमचीच आहे, पण एक भाग गायब.
– डिस्प्यूट नाही, नुसता मेसेज: 'निम्मे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देईन.'
– सगळं मिटलं म्हणून विसरून गेलात आणि दोन महिन्यांनी बँकेमार्फत पेमेंट उलटं फिरलं.

या पाचही लक्षणांना आपण 'गिऱ्हाईकच वाईट' हे एकच निदान चिकटवतो. मी एकदा जुने फोल्डर काढून बसले, तेव्हा कळलं की लबाडीची प्रकरणं आहेत, पण मोजकी. बाकीच्यांत घोळ माझ्या वर्णनात, फोटोत नाहीतर पॅकिंगमध्ये होता. त्यामुळे खालची प्रत्येक तपासणी करताना 'यात माझं काय चुकलं असेल' हा प्रश्न आधी, 'हा खोटं बोलतोय का' हा नंतर.

मुदत बघा

एक मिनिटाचं काम. उत्तराची शेवटची तारीख कोणती ते बघायचं आणि तिच्या आदल्या दिवशीचा गजर लावायचा. ईबे या विक्रीच्या साइटवर रिटर्नच्या विनंतीला किंवा 'माल मिळाला नाही' या तक्रारीला उत्तर द्यायला विक्रेत्याला 3 कामाचे दिवस मिळतात. ते गेले की खरेदीदार ईबेला मध्ये पडायला सांगू शकतो. एट्सी या दुसऱ्या साइटवर खरेदीदाराला आधी तुमच्याकडे मदत मागावी लागते, 48 तास थांबावं लागतं, मगच केस उघडता येते. म्हणजे ते 48 तास खरे तुमचे असतात, आणि बहुतेक विक्रेते ते झोपून घालवतात. पेपॅल या पैसे फिरवणाऱ्या सेवेत पैसे भरल्यापासून 180 दिवसांपर्यंत डिस्प्यूट उघडता येतो. उघडल्यापासून 20 दिवसांत तो क्लेममध्ये, म्हणजे पेपॅलनेच निकाल द्यावा या मागणीत, गेला नाही तर आपोआप बंद होतो, आणि गेला तर उत्तराला तुमच्याकडे 10 दिवस असतात. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका; डिस्प्यूटच्या पानावर जी तारीख छापलेली असते तीच खरी.

ही तपासणी पहिली का? मुदत चुकली की पुरावा कुणी उघडूनही बघत नाही. सहीनिशी डिलिव्हरी झालेलं एक प्रकरण मी असंच हरले. प्रवासात होते, मेल 'जाहिराती'च्या कप्प्यात जाऊन पडला होता. तेव्हापासून डिस्प्यूटच्या मेलना वेगळं लेबल आहे आणि त्यांचा आवाजही वेगळा आहे. अगदी कर्कश ठेवलाय.

तक्रार कोणत्या दारातून आली?

दारं तीन: ज्या साइटवर विकलं ती साइट, पैसे फिरवणारी सेवा, आणि खरेदीदाराच्या कार्डाची बँक. तिन्ही ठिकाणी निकाल देणारा वेगळा, आणि एका दारात दिलेलं उत्तर दुसऱ्या दारात आपोआप पोचत नाही. साइटवर 'केस तुमच्या बाजूने बंद' असं दिसत असतानाच तोच माणूस बँकेत जाऊन चार्जबॅक टाकू शकतो, म्हणजे बँकेकरवी पेमेंट उलटं फिरवू शकतो.

इथे एक चूक फार महागात पडते. चार्जबॅक उघडा आहे, तुम्हाला अपराधी वाटलं, आणि तुम्ही घाईने वेगळा रिफंड दिला. चार्जबॅकमध्ये ते पैसे तुमच्याकडून आधीच काढलेले असतात. म्हणजे एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा गेले, आणि परत मागायचे कुणाकडे? चार्जबॅक आला की रिफंडच्या बटणाला हात लावायचा नाही. तक्रार मान्य असेल तर चार्जबॅकच मान्य करायचा, बस.

याचाच जोडीदार म्हणजे साइटच्या बाहेर दिलेला रिफंड. 'माझ्या खात्यात थेट टाका, तक्रार मागे घेतो' असं कुणी गोड बोलून मागितलं तरी नाही. साइटच्या लेखी तुम्ही काहीच परत केलेलं नसतं.

तक्रारीचं नाव काय आहे?

'मिळालं नाही', 'वर्णनाप्रमाणे नाही' आणि 'हा व्यवहार मी केलाच नाही' हे तीन वेगळे आरोप आहेत. व्हिसाच्या यादीत त्यांना वेगळे क्रमांकही आहेत: 13.1, 13.3 आणि 10.4. 'वर्णनाप्रमाणे नाही' या आरोपाला उत्तर म्हणून ट्रॅकिंग जोडणं म्हणजे चोरीच्या खटल्यात जन्मदाखला दाखवणं. वस्तू पोचली हे तर तोही कबूल करतोय! तरीही नवे विक्रेते हमखास हेच करतात, कारण ट्रॅकिंग हा एकच पुरावा हाताशी असतो.

आपलं लिस्टिंग परक्या नजरेने वाचा

लिस्टिंग म्हणजे साइटवरचं वस्तूचं पान: शीर्षक, वर्णन, फोटो. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते, कारण परत परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच सापडतं.

माझ्याकडे कॅनन एफडी लेन्सवर लागोपाठ तक्रारी यायच्या: 'माझ्या कॅननवर बसत नाही, खराब माल.' पहिल्या दोघांना मी चिडून उत्तरं दिली. लिस्टिंगमध्ये एफडी स्पष्ट लिहिलंय, वाचता येत नाही का, या थाटाची. तिसऱ्या वेळी फोनवर स्वतःचंच लिस्टिंग उघडलं. शोधयादीत शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसत होते. 'कॅनन 50 एमएम लेन्स, काच स्वच्छ' इतकं. एफडी हा शब्द त्यापुढे, कापला गेलेला.

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला जोडायची जागा; एफडी हा कॅननचा जुना माउंट, 1971 चा. 1987 मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला आणि जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसेनाशा झाल्या. नाव तेच, कंपनी तीच. वर आणखी एक गुंता: माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीमध्ये 42 मिलिमीटर आणि ईएफमध्ये 44. त्यामुळे मधे साधा, बिनकाचेचा अडॅप्टर लावून लेन्स बसवली तरी दूरचं फोकस होत नाही. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीत हे अंतर बरंच कमी असतं, तिथे अडॅप्टरने काम भागतं. हे सगळं मला रोजच्या धंद्यामुळे माहीत. पहिली जुनी लेन्स घेणाऱ्याला का माहीत असावं?

मी तीन बदल केले. शीर्षकात 'एफडी माउंट' अगदी सुरुवातीला आणलं. वर्णनाची पहिली ओळ 'ही लेन्स कशावर बसत नाही' अशी केली. आणि माउंटचा मागून काढलेला फोटो दुसऱ्या क्रमांकावर टाकला. पहिलीच ओळ नकाराची म्हणून विक्री पडेल असं वाटलं होतं. पडली नाही, या लेन्सवरची ती तक्रार मात्र थांबली.

तुमच्या मालात तुमचा 'एफडी' कोणता ते शोधा. कपड्यात मापाचा तक्ता असेल: आडवं पसरून मोजलं की अंगावर, हे लिहिलंय का? सुट्या भागांत मॉडेलचं वर्ष असेल. वापरलेल्या वस्तूत 'चांगल्या स्थितीत' हे शब्द असतील, ज्यांचा अर्थ प्रत्येकाचा निराळा. मी आता 'चांगली' लिहीतच नाही. लेन्सच्या मागून टॉर्च मारून फोटो काढते आणि 'डाव्या कडेला केसाएवढी रेघ, या लेन्सने काढलेल्या फोटोत येत नाही' असं लिहिते. टॉर्चच्या उजेडात धूळ, धुरकटपणा, बुरशीचे धागे सगळं उघडं पडतं, आणि नंतर 'हे सांगितलं नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही.

दोष लिस्टिंगमध्ये सापडला तर या ऑर्डरपुरती हार मान्य करा. रिटर्न घ्या, पैसे द्या, लिस्टिंग त्याच दिवशी दुरुस्त करा. लिस्टिंग बदलण्याआधी जुन्याचा स्क्रीनशॉट मात्र ठेवा, कारण निकाल विक्रीच्या दिवशी काय लिहिलं होतं त्यावर लागतो.

'डिलिव्हर्ड' आहे, पण मिळालं नाही

आधी दिवस मोजा. आजचाच शिक्का असेल तर दोन दिवस थांबायला सांगणं रास्त आहे. पार्सल पोचण्याआधीच 'डिलिव्हर्ड' स्कॅन झाल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. खरेदीदाराला घरच्यांना, शेजाऱ्यांना, इमारतीच्या दारावरच्या माणसाला विचारायला सांगा. पण ते 'तुम्ही नीट शोधलं का' या सुरात नको. मी असं लिहिते: 'ट्रॅकिंगनुसार पार्सल काल दुपारी दिलं गेलंय. घरात किंवा शेजारी कुणी घेतलंय का एवढं विचारून बघाल का? तोवर मी कुरिअरकडे चौकशी टाकते.' मग खरंच चौकशी टाकायची. डिलिव्हरीचा फोटो, सही, स्कॅनची जागा, जे मिळेल ते मागायचं.

नंतर पत्ता ताडून बघा. ऑर्डरवरचा पत्ता, लेबलवरचा पत्ता आणि ट्रॅकिंगमधलं ठिकाण, तिन्ही एक आहेत का? ऑर्डरनंतर मेसेजमध्ये 'दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' असं आलं आणि तुम्ही भलेपणाने पाठवलंत, तर विक्रेत्याचं संरक्षण साधारणपणे तिथेच संपतं. अशा वेळी ऑर्डर रद्द करून नवी करायला सांगावं.

महाग मालाला सही घेऊनच डिलिव्हरी हवी. ईबे आणि पेपॅल या दोघांनीही ही रेषा 750 डॉलरवर आखलेली आहे. त्यावरच्या ऑर्डरला नुसतं 'डिलिव्हर्ड' पुरत नाही.

'खोकं रिकामंच आलं' म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक फुकटचा उपाय आहे. लेबल चिकटवलेलं बंद पार्सल वजनकाट्यावर ठेवून असा फोटो काढायचा की आकडा आणि ट्रॅकिंग नंबर एकाच चौकटीत येतील. कुरिअरच्या नोंदीतलंही वजन तेवढंच निघालं तर रिकाम्या खोक्याची गोष्ट टिकत नाही. जुळलं नाही, तर माल वाटेत काढला गेला असण्याची शक्यता आहे, आणि भांडण कुरिअरशी आहे.

फोटो मागा, पण आरोप न करता

तुटकी वस्तू, बिघडलेली वस्तू, चुकीची वस्तू: तिन्हींत तीन फोटो मागते. दोषाचा जवळून, पूर्ण वस्तूचा सीरियल नंबरसकट, आणि आतल्या भरावासह खोक्याचा. तिसरा सगळ्यात कामाचा. खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर हे वाहतुकीतलं नुकसान आहे आणि दावा कुरिअरवर लावायचा. त्यासाठी कुरिअर पॅकिंग तपासायला मागू शकतं. म्हणून पहिल्याच मेसेजात 'खोकं टाकू नका' हे लिहायचं.

फोटो आला की तो आपल्या फोटोशेजारी ठेवून बघा. ओरखडे बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन लेन्सवर सारखे पडत नाहीत. आणि फोटोने उलटा शोधही घ्या, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आहे का ते बघा. इंटरनेटवरून उचललेला तुटक्या लेन्सचा फोटो मला एकदा आलेला आहे, कोपऱ्यात दुसऱ्याच साइटचं अर्धं नाव होतं.

उत्तर लिहिताना

तुमचं उत्तर खरेदीदारासाठी कमी आणि तिसऱ्या माणसासाठी जास्त असतं: साइटवर बसून दिवसभर अशी प्रकरणं झरझर निकाली काढणाऱ्यासाठी. त्याला तुमचा संताप वाचायला वेळ नाही.

माझं एक जुनं उत्तर: 'गेली कित्येक वर्षं मी प्रामाणिकपणे धंदा करते, माझ्यावर असा आळ आजवर कुणी घेतला नाही...' आणि असंच पानभर. हरले. आताचं असं असतं: 'लेन्स विकताना फोकस रिंग सुरळीत होती, व्हिडिओ लिस्टिंगमध्ये आहे. खरेदीदाराच्या फोटोत पुढच्या कडेला ठेच आहे, ती पाठवतानाच्या फोटोत नाही. दोन्ही फोटो जोडले आहेत. रिटर्न घ्यायला तयार आहे.' चार वाक्यं, प्रत्येकाला पुरावा, शेवटी मार्ग. आणि बोलणं साइटच्याच मेसेजमध्ये. फोनवर ठरलेलं कुणाला दाखवणार?

'एक स्टार देईन' म्हणणाऱ्याशी घासाघीस करू नका. त्याचे शब्द लेखी आलेच आहेत, ते तसेच कळवा. लिस्टिंगमध्ये नसलेलं काही वाईट अभिप्रायाची धमकी देऊन मागणं ईबेच्या नियमांत बसत नाही, आणि बहुतेक साइटवर असा नियम असतो. उलट टोला हाणायची सोय मात्र नाही: ईबेवर 2008 पासून विक्रेता खरेदीदाराला वाईट अभिप्राय देऊच शकत नाही.

हिशेब मांडा

इथून पुढच्या तपासण्यांना पैसे आणि दिवस लागतात, म्हणून आधी कागदावर आकडे: वस्तूची किंमत, परतीचा वाहतूकखर्च, तुमचे तास, आणि हरलात तर खात्यावर बसणारा डाग. डाग खरा असतो. ॲमेझॉन विक्रेत्याकडून सदोष ऑर्डरचं प्रमाण 60 दिवसांच्या खिडकीत 1 टक्क्याच्या खाली मागतं. महिन्याला पन्नास ऑर्डर असतील तर दोन तक्रारींत तुम्ही रेषेपलीकडे.

स्वस्त वस्तू असेल तर मी बरोबर असतानाही पैसे देऊन मोकळी होते. हे मला अजून जिवावर येतं, पण सहा तास घालवून जिंकलेल्या छोट्या प्रकरणाने माझं कधी भलं झालेलं नाही. मात्र अंशतः रिफंड देताना 'एवढ्यावर प्रकरण मिटलं' हे खरेदीदाराकडून लेखी आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

आणि युरोपीय संघातल्या ग्राहकाला तुम्ही व्यावसायिक म्हणून विकलं असेल तर हुज्जत घालण्याआधी हे माहीत हवं: 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दूरस्थ खरेदी त्याला 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. मागणीनुसार बनवलेल्या वस्तूंसारखे थोडे अपवाद सोडले तर 'पण माल चांगलाच होता' हा मुद्दाच उरत नाही. जुन्या मार्गदर्शिका तिथल्या ऑनलाइन तक्रार मंचाची लिंक दुकानात ठेवायला सांगतात. तो मंच 20 जुलै 2025 ला बंद झाला, लिंक काढून टाका.

रिटर्न उघडताना

अदलाबदलीची फसवणूक इथे होते: चांगली लेन्स घ्यायची, स्वतःची बुरशी लागलेली खोक्यात घालून परत पाठवायची. म्हणून बंद खोक्यापासून सीरियल नंबरपर्यंत एकसलग व्हिडिओ, मधे न थांबवता. सुरुवात लेबलापासून. नंबर जुळला नाही तर रिफंड देण्याआधी साइटला कळवा; पैसे गेल्यावर कळवलेलं सहसा ऐकलं जात नाही. ज्या मालाला सीरियल नंबर नाही त्याची एखादी खूण पाठवतानाच टिपून ठेवा. लाकडाच्या वस्तूला रेषांची नक्षी, कापडाला आतल्या शिवणीचा फोटो. लेन्सच्या स्क्रूवर मी नखरंगाचा बारीक ठिपका देते. कुणी उघडून आतला भाग बदलला तर ठिपका तडकतो.

चार्जबॅक लढवणं

ही सगळ्यात जड तपासणी. एकच पीडीएफ करा: पहिल्या पानावर तारखांचा क्रम, मग आरोपाच्या नावाशी जुळणारा पुरावा, शेवटी रिटर्नचे नियम आणि खरेदीदाराशी झालेला संवाद. 'व्यवहार मी केला नाही' या आरोपात वस्तूचे फोटो निरुपयोगी. तिथे त्याच पत्त्यावर आधी गेलेल्या, वाद न झालेल्या ऑर्डरी आणि खरेदीनंतर त्याने स्वतः केलेले मेसेज कामाला येतात. हरलात तर पैसे जातात, आणि बहुतेक ठिकाणी चार्जबॅकची वेगळी फीही द्यावी लागते.

इथे थांबा आणि माणूस गाठा

वस्तूमुळे कुणाला इजा झाली, बॅटरी पेटली, शॉक लागला असं एका ओळीतही लिहून आलं, तर त्या मालाची विक्री ताबडतोब थांबवा. चूक कबूल करणारं किंवा नाकारणारं काही लिहू नका. चौकशी करा, तब्येत विचारा, आणि वकील व विमा कंपनीला फोन लावा.

वकिलाची नोटीस किंवा न्यायालयाचं समन्स आलं तर साइटवरची मुदत आणि कायद्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. दुसरी स्वतः सांभाळायला जाऊ नका. 'माल नकली आहे' अशी तक्रार खुद्द ब्रँडच्या मालकाकडून आली तरीही वकीलच, कारण घाईने लिहिलेलं माफीचं पत्र पुढे कबुलीजबाब ठरू शकतं.

घरी येण्याची, घरच्यांना गाठण्याची धमकी आली, किंवा वेगवेगळ्या नावांनी पण एकाच पत्त्यावरून अदलाबदल होतेय असं दिसलं, तर पोलीस. खातं बंद होऊन मोठी रक्कम अडकली आणि एक अपील फेटाळलं गेलं, तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवू नका. दुसऱ्या अपिलाआधी जाणकाराला वाचायला द्या. वर्षभरातले रिफंड आणि चार्जबॅक कराच्या हिशेबात कुठे मांडायचे हेही मी स्वतः ठरवत नाही, लेखापालाला विचारते.

जाताना सोबत न्यायचं ते एवढंच: तारखांचं एक पान, विक्रीच्या दिवशीच्या लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, सगळा संवाद एका फाइलमध्ये, आणि मूळ फोटो जसेच्या तसे, मेसेजमधून पाठवून लहान झालेले नाहीत. माझ्या वकिलाने पहिल्या भेटीत हेच मागितलं होतं. मी नेले होते चाळीस स्क्रीनशॉट, क्रम नसलेले, आणि अर्ध्या तासाची फी ते लावण्यातच गेली.